गवताची आग किरकोळ नसते: माळरानावरचा वणवा टाळायची आणि विझवताना जीव सांभाळायची रीत

मराठवाड्यात वणवा म्हटलं की आधी किनवट-माहूरचं सागवान आठवतं. पण बालाघाटाच्या माथ्यावर, अजिंठ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या कडेला, येडशीच्या रामलिंग घाटात, पाटोद्याजवळच्या नायगावच्या मोरांच्या अभयारण्यात पेटतं ते मुख्यतः गवत. गावच्या गायरानात तर गवत आणि तुरळक झुडपं याशिवाय जळण्यासारखं फारसं काही नसतंच. आणि गवताची आग बघून माणूस घाबरत नाही. गुडघ्याएवढ्या ज्वाळा दिसतात, चार जणांनी फांद्या मारल्या की विझेल असं वाटतं. माणसं दगावतात ती याच समजुतीपायी.

५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या घळीत १३ अग्निशामक मेले. ते घनदाट जंगलात अडकले नव्हते. वाळलेल्या गवताच्या चढावर आगीने त्यांना मागून गाठलं. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेल्या तरुणांवर आग आली, वीसहून अधिक जण गेले. तिथेही वाळलेलं गवत, तीव्र उतार आणि वारा. आपल्या डोंगरांत फेब्रुवारी ते मे या काळात हे तिन्ही एकत्र असतात.

गायरानाला लागून शेत असलेल्यांसाठी, गुराख्यांसाठी, वन समितीच्या सदस्यांसाठी आणि सुट्टीला डोंगर चढणाऱ्या पोरांसाठी ही माहिती आहे. आग विझवण्याचा भाग वाचायला उत्सुकता जास्त असते, पण खरं काम त्याच्या दोन-तीन महिने आधी करायचं असतं.

आग इथे कशी चालते

परतीचा पाऊस ऑक्टोबरात थांबतो. दिवाळीनंतर कुसळी पिवळी पडते, संक्रांतीपर्यंत कडकडीत वाळते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. गायरानावर मात्र जानेवारीपासूनच सावध राहावं, कारण आपल्याकडची मुरमाड जमीन ओल धरत नाही.

गवताची एक गोष्ट नीट समजून घ्या. लाकडाचा ओंडका ओला झाला तर वाळायला दिवस लागतात. गवताची काडी इतकी बारीक की हवा कोरडी झाली की तासाभरात तीही कोरडी होते. म्हणून सकाळी अवकाळीचा शिडकावा झाला, आता काही पेटणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे. दुपारी ऊन पडलं की तेच गवत पुन्हा पेटायला तयार असतं.

चढावर आग धावते. ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ येतात, त्याला आधीच तापवून ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून आलेला ढोबळ नियम असा, की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर ती सपाटीच्या चौपट वेगाने येते. माणूस चढावर उलट मंदावतो. त्यामुळे आग खाली आणि आपण वर, ही जागा कधीही घ्यायची नाही. घळीत तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे तिथे हवा वर ओढली जाते आणि आग एका दमात माथ्यावर पोचते.

वाऱ्याचं गणित तासागणिक बदलतं. दिवसा डोंगरउतारावर वारा खालून वर वाहतो, रात्री वरून खाली उतरतो. दुपारी साधारण बारा ते चार हा सगळ्यात वाईट वेळ. एप्रिल-मे महिन्यात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे वळवाचे ढग. ढग भरून आले, लांबवर गडगडलं, की पाऊस येण्याआधी थंड वाऱ्याचा झोत जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो. तोपर्यंत शांतपणे एका बाजूला सरकणारी आग क्षणात उलटते. पाऊस आग विझवेल या आशेवर तिथे थांबू नका. ढग जवळ आले की मागे यायचं. जळलेल्या माळावर वावटळ उठली तरी तेच करावं, कारण ती इंगळ उचलून दूर टाकते.

आग लावतं कोण

आपल्याकडे वणवा क्वचितच आपोआप लागतो. कुणी बांध पेटवतं आणि ती आग गायरानात जाते. कुणी ऊस तुटल्यावर पाचट जाळतं. विडीचं थोटूक, मोहोळ झाडताना केलेला धूर, सशा-तितरांच्या शिकारीसाठी मुद्दाम लावलेली काडी, रानात स्वयंपाक करून तसाच सोडलेला चुलीतला विस्तव, ही नेहमीची कारणं. किनवटकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावतात.

सगळ्यात खोल रुजलेली समजूत ही, की माळ जाळला की पुढच्या साली गवत जोमाने येतं. राखेतून थोडं खत मिळतं आणि कोवळे फुटवे लवकर दिसतात, एवढं खरं. पण आपल्या मुरमाड उतारावर मातीचा थर बोटभर. वरचा काडीकचरा जळाला की पहिल्याच जोराच्या पावसात राख आणि माती दोन्ही ओढ्याला जातात. शिवाय जळतो तो चाराच. २०१३ आणि २०१९च्या दुष्काळात बीड-धाराशिवकडे जनावरं चारा छावण्यांत बांधावी लागली होती, हे ज्यांनी पाहिलं त्यांना वाळलेल्या गवताची किंमत वेगळी सांगायला नको. जमिनीवर घरटं करणाऱ्या तितर, टिटवी, चंडोल यांची अंडी आणि पिल्लंही याच आगीत जातात.

शेजाऱ्याला हे सांगताना कायद्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. चाऱ्यापासून करावी. पण कायदाही माहीत असावा. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. वनातून चराई-सरपणाचा हक्क घेणाऱ्यांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारीही १९२७च्या अधिनियमाने टाकली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पूर्वतयारी

पहिलं काम, गवत कापा. गायरानातलं गवत दिवाळीनंतर कापून गंजी लावलं तर एकाच कामात चारा मिळतो आणि जळण कमी होतं. सगळा माळ कापणं जमत नसेल तर रस्त्याच्या कडा, पाऊलवाटा, वस्तीकडची बाजू आणि विजेच्या तारांखालचा पट्टा तरी कापा. माणसांची ये-जा जिथे, तिथूनच ठिणगी पडते.

दुसरं, जाळरेषा. गवत, पाला, काटक्या काढून जमीन उघडी केलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. ती कशी काढायची ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक गावांत मेहनत होते पण रेषा चुकीच्या जागी पडते.

१. आधी गायरानाचा कच्चा नकाशा काढा. त्यात आपोआप न जळणाऱ्या गोष्टी दाखवा: गाडीवाट, डांबरी रस्ता, खडकाळ पट्टा, ओढ्याचं उघडं पात्र, नांगरट. जाळरेषा यांना जोडत न्यायची. मध्येच सुरू होऊन मध्येच संपणारी रेषा आगीला वळसा घालायला जागा देते.

२. सपाटीवर ट्रॅक्टरने रोटाव्हेटरचे किंवा नांगराचे दोन-तीन फेर घ्या. १० ते १५ फूट रुंदी साध्या गवताला चालते. गवत कमरेएवढं असेल किंवा वाऱ्याची बाजू असेल तर दुप्पट करा.

३. उतारावर नांगर घालू नका. उभा नांगरलेला पट्टा पावसाळ्यात घळ होतो. तिथे गवत विळ्याने अगदी जमिनीलगत कापा, दाताळ्याने पाला ओढा, मुरूम उघडा करा आणि एवढ्यावर थांबा.

४. कापलेलं गवत पट्ट्याच्या कडेला रचून ठेवू नका. घरी न्या. कडेला पडलेली ओळ आगीची वात होते.

५. फेब्रुवारीच्या मध्याला रेषा पुन्हा झाडा. सागाची, पळसाची पानगळ डिसेंबरात काढलेली रेषा झाकून टाकते. पानांनी भरलेल्या रेषेवरून आग सहज पलीकडे जाते.

पट्टा जाळून रेषा करणं हे वन विभागाच्या प्रशिक्षित माणसांचं काम. गावाने ते स्वतःहून करू नये.

जाळरेषेकडून फार अपेक्षाही ठेवू नका. जोराच्या वाऱ्यात ठिणग्या १५ फूट सहज ओलांडतात. सुटलेली आग कमजोर व्हावी आणि आपल्याला उभं राहून काम करायला जागा मिळावी, यासाठी ही रेषा असते.

तिसरं काम आखाड्याचं, म्हणजे शेतातल्या वस्तीचं. आखाडा, गोठा, कोपी यांच्याभोवती ३० फूट जागा मोकळी ठेवा. कडब्याची गंजी, तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनची गुळी हे सगळं गोठ्याला टेकवून रचायची आपली सवय मोडायला हवी. सोय होते हे खरं, पण एक ठिणगी पडली की चाराही जातो आणि जनावरंही. गंजी वेगळी लावा, तारांखाली नको, भोवती नांगरट ठेवा. गोठ्याच्या खांबाला एक धारदार विळा कायम टांगलेला असू द्या. धुरात बिथरलेल्या बैलाच्या दाव्याची गाठ सुटत नाही, ते कापावंच लागतं. २०० लिटरचा एक ड्रम पाण्याने भरून ठेवा, त्यावर झाकण आणि शेजारी बादली.

विजेच्या लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्यात एकमेकींना लागून ठिणग्या पडतात. उभा ऊस पेटण्याचं हे एक मोठं कारण आहे. तार खाली आलेली दिसली की १९१२ वर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. डीपीखालचं गवत लाइनमनला सांगून, वीज बंद करूनच काढा.

पाचटाबद्दल थोडक्यात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते कुट्टी करून सरीत दाबलं तर ओल टिकते आणि जमिनीत सेंद्रिय माल जातो. पाण्याची मारामार असलेल्या मुलखात ते जाळणं परवडत नाही. बांधावरचं गवत कापून जनावरांना घाला. अगदी काही जाळायचीच वेळ आली तर फेब्रुवारी ते जून या काळात नाही. आणि इतर वेळीही वारा पडलेल्या पहाटे, लहान ढिगात, भोवती नांगरून, पंपात पाणी भरून, शेजाऱ्यांना सांगून, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तिथेच बसून.

मोटारसायकल वाळल्या गवतात उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरला गवत लागून पेटतं. ट्रॅक्टरचंही तेच.

गावची टोळी

वणवा दिसला की गावातली सगळी पोरं धावतात. उत्साहाला नावं ठेवायची नाहीत, पण पन्नास जणांच्या गर्दीपेक्षा दहा जणांची ठरलेली टोळी जास्त आग विझवते आणि सगळी घरी परत येते. जानेवारीतच बसून नावं लिहा. एक म्होरक्या, ज्याचं सगळे ऐकतील. त्याच्या अपरोक्ष सूत्रं सांभाळणारा दुसरा. एक टेहळ्या. एक ट्रॅक्टर-टँकरवाला. एक जण रस्त्यावर थांबून वन विभागाच्या किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट दाखवणारा. दमा, हृदयविकार, फिटचा त्रास असलेले, अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि दारू प्यालेला कुणीही, यांनी आगीजवळ यायचं नाही. त्यांना गावाकडचं काम द्या: पाणी, फोन, जनावरं हलवणं.

कपडे सुती आणि अंगभर. पॉलिस्टर, नायलॉन, खेळाडूंचे चकचकीत टी-शर्ट घालू नका. ते वितळून कातडीला चिकटतात आणि साधं भाजणंही खोल जखम होतं. पायात चामड्याचे जाड बूट. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा, मग तो कितीही मोठा असो. डोक्याला सुती फेटा किंवा गमजा, डोळ्यांवर गाडीचा साधा चष्मा. नाकातोंडावर सुती फडकं बांधायचं ते कोरडं. ओलं फडकं बरं वाटतं, पण धग लागली की त्यातलं पाणी वाफ होऊन तोंड भाजतं. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड ओलं काय, कोरडं काय, कुठलंच फडकं अडवत नाही.

हत्यारं आपल्या घरचीच: कोयता, कुऱ्हाड, फावडं, दाताळं, भिजवलेली बारदानं, फवारणीचे पाठीवरचे पंप. १६ लिटरचा पंप गवताच्या आगीवर फार कामाचा आहे. पण त्यात आधी औषध मारलेलं असेल तर तीन-चार वेळा धुऊन घ्या, औषधाचा अंश तापून त्याची वाफ छातीत जाते. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराकडे ट्रॅक्टरचा फवारणीचा टँक असतो, त्याच्याशी आधी बोलून ठेवा. वन विभागाकडे पाठीवर घ्यायचे ब्लोअर असतात. संयुक्त वनव्यवस्थापन समिती असलेल्या गावाने आपल्या वनरक्षकाला सांगून ते चालवायला शिकून घ्यावं. माणशी तासाला किमान अर्धा ते एक लिटर पिण्याचं पाणी धरा. ते फवारणीच्या पाण्यापासून वेगळं ठेवा.

आगीची खबर उपग्रहावरूनही मिळते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोबाइलवर सूचना पाठवते, त्यासाठी नाव नोंदवता येतं. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, आणि लहान आग त्याच्या नजरेतून सुटते. टेकडीवर बसलेला गुराखी त्याच्याआधी धूर बघतो. त्याच्याकडे म्होरक्याचा नंबर हवा.

धूर दिसला

पहिला फोन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, नाहीतर ११२ किंवा १०१ वर. फोनवर चार गोष्टी सांगा: गाव आणि जागेची ओळख, काय जळतंय, वारा कुठून कुठे आहे, गाडी कुठल्या वाटेने येऊ शकते. मग टोळी जमवा.

आगीपाशी पोचलात की लगेच फांदी उचलू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. आगीचं तोंड कोणत्या दिशेला आहे? पुढे काय आहे, चढ, घळ, उभा ऊस, वस्ती? ज्वाळा किती उंच? तारा कुठे आहेत? विहीर कुठे आहे? मराठवाड्यात कठडा नसलेल्या विहिरी शिवाराशिवारात आहेत, आणि धुरात किंवा अंधारात त्या दिसत नाहीत. परक्या शिवारात असाल तर तिथल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

मग चार गोष्टींची खात्री करा. अमेरिकेतले अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१ साली ही चौकट मांडली. आज अनेक देशांत वणवा विझवणाऱ्यांना ती आधी शिकवतात.

पहारा. एक माणूस असा, जो आग विझवत नाही. तो बाजूच्या उंचवट्यावर किंवा जळून गेलेल्या भागात, आग आणि टोळी दोन्ही दिसतील असा उभा राहतो. वारा फिरला, नवी ठिणगी पेटली की तो ओरडतो. हा माणूस विश्वासाचा हवा. उरलेला सुरलेला तिथे उभा करू नका.

संपर्क. डोंगरात मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरा. शिट्ट्या घ्या. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा आणि इकडे बघा, तीन आखूड म्हणजे सगळं टाकून मागे या. खूण आधी ठरवलेली हवी आणि सगळ्यांना पाठ हवी.

निसटायची वाट. एक नको, दोन हव्यात. चालून बघितलेल्या. चढावर जाणारी वाट ही निसटायची वाट नव्हे.

सुरक्षित जागा. जिथे अंगावर काहीही न पांघरता उभं राहता येईल अशी मोकळी जागा. सपाटीवर, वारा नसताना ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर धरतात. ज्वाळा १० फूट तर चहूबाजूंनी ४० फूट. चढ किंवा वारा असेल तर आणखी बरंच जास्त. आपल्याकडे चांगल्या जागा म्हणजे नांगरलेलं काळं रान, खडकाचा मोठा पट्टा, आणि पूर्ण जळून गार झालेला माळ. ज्या फसव्या जागा आहेत त्याही सांगतो: गव्हाचं काड उभं असलेलं रान, ऊस, वेड्या बाभळीचं बन, पाझर तलावाचं बेशरमीच्या वाळलेल्या झुडपांनी भरलेलं पात्र.

या चारपैकी एक जरी नसेल तर आगीला भिडायचं नाही. मागे येऊन रस्त्यावर किंवा जाळरेषेवर थांबायचं. जळालेलं गवत पुढच्या पावसाळ्यात येतं.

विझवताना

हाताने भिडण्याची मर्यादा ज्वाळेच्या उंचीवर ठरते. प्रशिक्षित माणसंही साध्या हत्यारांनी सुमारे चार फुटांपर्यंतच्याच ज्वाळांना सामोरी जातात. गावच्या टोळीने गुडघ्यापर्यंतच्या ज्वाळा विझवाव्यात, कमरेपर्यंतच्या असतील तर फक्त बगलेने, आणि त्यापुढे मागे सरावं.

सुरुवात आगीच्या शेपटापासून करा, म्हणजे जिथून ती निघाली त्या जागेपासून. रस्ता किंवा जळलेला भाग पाठीशी घ्या आणि तिथून दोन्ही बगलांनी पुढे सरका, शेवटी तोंड आवळत आणा. तोंडासमोर उभं राहून विझवायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. शक्य तोवर एक पाय जळलेल्या जमिनीवर ठेवूनच काम करा. आग आणि न जळलेलं गवत यांच्या मध्ये कधी सापडू नका.

फांदी मारायची रीत आहे. पळसाची, कडुनिंबाची दाट हिरवी फांदी घ्या. वरून जोरात आपटली तर ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं. फांदी ज्वाळेच्या बुडाशी दाबायची, क्षणभर तशीच ठेवायची आणि जळलेल्या बाजूला ओढून घ्यायची. भिजलेल्या बारदानाचंही तसंच. पंपवाल्याने पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडाशी, गवतावर मारावं. पंपवाला पुढे, फांदीवाला त्याच्या मागे, अशी जोडी चांगली चालते. हत्यारं घेतलेल्या दोघांमध्ये दहा फूट अंतर ठेवा. पेट्रोलवरचा पंप किंवा ब्लोअर असेल तर तो बंद करून, थंड होऊ देऊन, आगीपासून लांब येऊनच इंधन भरा.

तारांखाली काम नको. दाट धुरातून वीज जमिनीकडे उतरू शकते, आणि तुटून पडलेली तार मेलेली आहे असं धरून चालायचं नाही. उतारावर काम करताना वरून गडगडत येणारे दगड आणि पेटते ओंडके बघा. पोकळ झाड आतून जळत असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब राहा. धुराने आग्या मोहोळ उठतं, त्याच्या खाली जाऊ नका.

समोरून उलटी आग लावून वणवा थांबवायची युक्ती अनेकांनी ऐकलेली असते. ती खरी आहे, पण वारा, वेळ आणि जागा यांत थोडी चूक झाली तर दोन आगींच्या मध्ये आपलीच माणसं सापडतात. ती वन विभागाच्या जाणकारांवर सोडा.

दर वीस मिनिटांनी माणसं मोजा. डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गडबड ही धुराची किंवा उन्हाची खूण. त्या माणसाला हट्ट करू देऊ नका, सावलीत न्या.

आणि आग घेरत आली तर? वर पळू नका. ज्वाळा गुडघ्याच्या खाली असतील आणि पलीकडे जळलेली जमीन दिसत असेल तर तोंड झाकून, श्वास रोखून बगलेतून झपकन पलीकडे जा. मॅन गल्चमध्ये टोळीप्रमुख वॅगनर डॉज वाचला, तो पुढचं गवत स्वतः पेटवून त्या जळलेल्या जागेत पालथा पडला म्हणून. जळलेली जमीन पुन्हा जळत नाही, हे लक्षात ठेवा. तेही जमत नसेल तर उघड्या मुरमावर, खड्ड्यात किंवा दगडाआड पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड मातीजवळ, हात चेहऱ्याभोवती. जवळ लोकरीची घोंगडी असेल तर अंगावर ओढून घ्या. लोकर सहज पेट घेत नाही आणि वितळत नाही. डोंगरात राहणाऱ्याने उन्हाळ्यातही ती जवळ ठेवावी.

विझल्यानंतरचे चोवीस तास

ज्वाळा गेल्या की लोक घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तोच माळ पुन्हा पेटतो. जुनं शेण, बाभळीची खोडं, सागाचे बुंधे, मुळ्या आतून धुमसत राहतात. कडेने आत किमान पन्नास फूट पट्टा तपासा. हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन ऊब बघा, राखेत हात खुपसू नका. ऊब लागली तर फावड्याने उकरा, पाणी ओता, पुन्हा उकरा. पाणी कमी असेल तर माती मिसळून ढवळा. नुसती माती वरून टाकली तर इंगळ खाली जिवंत राहतो. उतारावरचे जळके ओंडके आडवे फिरवून अडवा. दोन माणसं दुसऱ्या दिवसाची दुपार सरेपर्यंत पहाऱ्यावर ठेवा.

भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी २० मिनिटं सोडत राहा. पाणी थोडं असेल तर घमेल्यात धरून तेच पुन्हा ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई, दही काहीही लावू नका. अंगठी, कडं, जोडवी सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या सुती कापडाने सैल झाकून १०८ वर फोन करा. कपड्याला आग लागली तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं. तोंड-नाक भाजलं असेल, आवाज घोगरा झाला असेल, थुंकीत काजळी दिसत असेल तर माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्या. श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढते. उन्हाने अंग तापून माणूस बरळायला लागला तर सावली, ओल्या कापडाने अंग पुसणं, वारा घालणं, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

नुकसान झालं असेल तर राख झाडण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या. जळलेल्या माळावर पहिले फुटवे दिसले की गुरं सोडायचा मोह होतो. चांगला पाऊस होऊन गवत मुळं धरेपर्यंत थांबा, नाहीतर उरलेली मुळंही उपटून येतात.

शेवटी एक वही घ्या. आग कुठे लागली, किती वाजता, वारा कुठला होता, कुठल्या जागी जाळरेषा ओलांडली, पाणी पोचायला किती वेळ लागला, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवा. नोव्हेंबरात जाळरेषा काढायला निघाल तेव्हा ती वही सोबत न्या, आणि जिथे आगीने रेषा ओलांडली होती तिथे ट्रॅक्टरचे दोन फेर जास्तीचे घ्या.